गुरुजनांचा वर्ग



गेल्या सत्रांत एके दिवशीं आपल्या शाळेच्या सूचनाफलकावर पुढील मजकूर लागला : 'येत्या शनिवारीं वर्ग भरणार नाहींत. शिक्षकांची अभ्यासबैठक आहे.' विद्यार्थ्यांनीं ही सूचना जितक्या आनंदानें वाचली, तितक्याच नाराजीनें ती त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं वाचली असावी. त्याच सायंकाळीं फाटकापाशीं एका पालकांनीं मला थांबवून विचारलें, "सर, ज्यांना शिकवितां येतें त्यांनाच आपण शिक्षक म्हणून नेमतां ना? मग शिकलेल्यांना पुन्हां कसलें शिकणें? आम्ही उभयतां कामावर जातों. त्या दिवशीं धाकटीला घरीं कोणापाशीं ठेवावें?" हे गृहस्थ पंधरा वर्षांपूर्वीं याच शाळेंत माझ्या वर्गांत बसत होते. 'बैठक झाली म्हणजे सांगेन' एवढेंच बोलून मीं त्यांचा निरोप घेतला. तें उत्तर आज देत आहें. तें एकट्या त्यांना देऊन भागणार नाहीं, असें त्या शनिवारीं जें घडलें त्यावरून मला वाटूं लागलें. म्हणून वार्षिकाच्या या पानांचा आश्रय केला आहे.

माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. शिक्षकांनीं एकत्र बसावें, लहान लहान गट करावे आणि एखादी अध्यापनाची पद्धति स्वतः विद्यार्थी होऊन तपासून पाहावी, ही त्यांना दिलेली सवलत नव्हे. तो त्यांच्या कामाचाच भाग होय. त्यासाठीं काढलेला अर्धा दिवस मुलांच्याच हिशेबीं जमा होतो. मात्र हें खरें ठरावयास कांहीं अटी आहेत, व त्या पाळल्या गेल्या नाहींत तर पालकांची तक्रार सर्वथा रास्त ठरेल.

प्रथम, आम्ही अभ्यासावयास घेतलेली पद्धति कोणती तें सांगितलें पाहिजे. गवंडी जसा आराखडा पाहून भिंत चढवितो, तसा शिक्षकही मनांत कांहीं आराखडा धरूनच पाठ घेत असतो. आपल्या देशांतील अध्यापन-विद्यालयांत पुष्कळ वर्षें जो आराखडा शिकविला गेला, त्याला 'हर्बार्टची पंचपदी' असें म्हणत. हर्बार्ट (१७७६–१८४१) हे जर्मन तत्त्वज्ञ. त्यांनीं अध्यापनाच्या चार पायऱ्या कल्पिल्या होत्या. त्सिलर व राइन या त्यांच्या अनुयायांनीं त्यांच्या पांच केल्या. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन अशा त्या पांच पायऱ्या. या पंचपदीनें शिक्षकांना शिस्त लाविली यांत शंका नाहीं. परंतु तींत बोलण्याचा पहिला मान शिक्षकाचा. तो सांगणार आणि मूल ऐकणार. हातानें करून पाहण्याची वेळ आली तर ती शेवटीं.

पुढें अमेरिकेंत १९६२ मध्यें जे. मायरन अॅट्किन व रॉबर्ट कार्प्लस यांनीं हा क्रम फिरविण्याचा विचार मांडला. कार्प्लस हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. लहान मुलांना विज्ञान कसें शिकवावें या प्रश्नाकडे ते वळले होते. मुलानें आधीं वस्तु हाताळावी, तींत काय घडतें तें पाहावें, आणि त्या अनुभवाला नांव व नियम देण्याचें काम शिक्षकानें मागाहून करावें, असें त्यांच्या म्हणण्याचें सार. याच विचाराचा विस्तार करून 'बायॉलॉजिकल सायन्सेस करिक्युलम स्टडी' या संस्थेंत रॉजर बायबी व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ मध्यें पांच पायऱ्यांचा नवा आराखडा तयार केला. इंग्रजींत या पांचही शब्दांचें आद्याक्षर एकच असल्यामुळें त्याला 'फाइव्ह ई' म्हणतात. आम्हीं आमच्या सोयीसाठीं त्यांस उत्सुकता, शोध, उलगडा, विस्तार व पारख अशीं नांवें दिलीं. मुलाच्या मनांत आधीं प्रश्न उभा राहावा ही उत्सुकता. त्यानें स्वतः करून पाहावें हा शोध. दिसलें त्याचें कारण आधीं त्यानें आपल्या शब्दांत व मग शिक्षकानें शास्त्राच्या शब्दांत सांगावें हा उलगडा. तेंच कारण नव्या ठिकाणीं लावून पाहावें हा विस्तार. आणि समजलें किती याची पाहणी ही पारख. जुन्या पंचपदींत व या पंचपदींत मोठा भेद तो हाच कीं, येथें 'शोध' हा 'उलगड्या'च्या आधीं येतो.

एवढी माहिती मीं दोन परिच्छेदांत दिली; ती एखाद्या विद्वानाच्या तासाभराच्या व्याख्यानांतूनही मिळाली असती. मग गट कशासाठीं, असें कोणी विचारील. आम्हींही पूर्वीं पुष्कळ व्याख्यानें ऐकलीं आहेत. वक्ता बोलतो, आम्ही वहींत उतरून घेतों, चहा होतो, आणि सोमवारीं वर्गांत जाऊन आम्ही पूर्वींप्रमाणेंच शिकवूं लागतों. 'मुलांना सांगूं नका, करूं द्या' हें तत्त्व आम्हांला नुसतें सांगितलें जावें, यांतील विसंगति आमच्याही ध्यानांत येत नसे. या खेपेस मुख्याध्यापकांनीं वक्ता बोलाविला नाहीं. त्यांनीं आम्हां पंचवीस जणांचे पांच गट केले व प्रत्येक गटास एकेक पायरी वांटून दिली. तासभर प्रत्येक गटानें आपल्या एकाच पायरीचा अभ्यास केला. नंतर ते गट मोडून नवे गट केले, ते असे कीं, प्रत्येक नव्या गटांत पांचही पायऱ्यांचा एकेक जाणकार यावा. म्हणजे संपूर्ण आराखडा कोणा एकालाच ठाऊक नाहीं. प्रत्येकाजवळ त्याचा एक तुकडा, आणि दुसऱ्याचें ऐकल्यावांचून चित्र पुरें होणें नाहीं.

ही युक्तीही कोणा पंडितानें हौसेखातर काढलेली नव्हे. १९७१ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत ऑस्टिन येथें निरनिराळ्या वंशांचीं मुलें प्रथमच एका वर्गांत बसूं लागलीं, तेव्हां त्यांच्यांत तेढ उत्पन्न झाली. त्या वेळीं एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं धड्याचे तुकडे करून ते मुलांमुलांत वांटले. ज्याची आजवर टवाळी केली, त्याच्याजवळच्या तुकड्यावांचून आपला धडा अपुरा राहतो, हें मुलांना कळूं लागलें, आणि त्यांची वागणूक पालटूं लागली. कापलेल्या चित्राचे तुकडे जुळविण्याच्या खेळावरून या रीतीस 'जिगसॉ' हें नांव पडलें. शिक्षकांच्या खोलींतही तेढ नसली तरी उतरंड असतेच. गणित व विज्ञान शिकविणारे वर, चित्रकला व कवाईत शिकविणारे खालीं, असें कोणी उघड म्हणत नाहीं. पण बैठकींत कोण बोलतो व कोण गप्प बसतो हें पाहिलें म्हणजे तें समजतें.

आमच्या नव्या गटांत 'पारख' ही पायरी कवाईतीच्या शिक्षकांकडे आली होती. एरवीं ते सभेंत तोंड उघडीत नाहींत. ते म्हणाले, "लांब उडीच्या वेळीं मुलाचा पाय फळीच्या पुढें पडतो. तें मी त्याला वार्षिक स्पर्धेच्या दिवशीं सांगत नाहीं. प्रत्येक उडीला पाहतों व तेथल्या तेथें सांगतों. आपण मात्र वर्गांत मुलाचा पाय कोठें पडतो तें सहामाहीच्या पेपरांत पाहतों." मूल्यमापनावर मीं जीं पुस्तकें वाचलीं आहेत, त्यांतील पुष्कळ पानांचा अर्थ या चार वाक्यांत आला होता. आणि हे गृहस्थ दहा वर्षें माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत आलेले!

आतां मुख्य प्रसंगाकडे येतों. तो सांगणें मला सुखाचें नाहीं. प्रत्येक गटानें या पद्धतीचा एक पाठ स्वतःवरच करून पाहावयाचा होता. आमच्या गटानें माझ्या सूचनेवरून मेणबत्तीचा प्रसिद्ध प्रयोग घेतला. ताटलींत पाणी घ्यावयाचें, त्यांत शाईचे चार थेंब टाकावयाचे, मधोमध मेणबत्ती लावून उभी करावयाची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावयाचा. थोड्या वेळानें ज्योत विझते व ताटलींतील पाणी पेल्यांत चढतें. हा प्रयोग मीं बावीस वर्षें वर्गांत केला आहे व त्याचें कारणही बावीस वर्षें सांगितलें आहे : ज्योतीनें पेल्यांतील प्राणवायु जाळून टाकला, हवेंत तो एकपंचमांश असतो, म्हणून त्याच्या जागीं तितकें पाणी चढलें. पेला पालथा घालतांच मी संवयीप्रमाणें हें सांगूं लागलों. पण मराठीच्या बाईंकडे 'शोध' ही पायरी होती. त्यांनीं हात वर केला. "सर, उलगडा मागाहून. आधीं आम्हांला पाहूं द्या."

मी गप्प बसलों. त्यांनीं प्रयोग पुन्हां करावयास लाविला, आणखी एकदां लाविला, आणि मग म्हणाल्या, "ज्योत जळत असतांना पाणी जेमतेम हललें, ती विझल्यावर मात्र भरकन् चढलें. प्राणवायु जळून गेल्यामुळें पाणी चढत असेल, तर तें जळतांनाच चढावयास नको का?"

खोलींत कोणी बोलेना. माझ्याजवळ उत्तर नव्हतें. चित्रकलेच्या शिक्षकांनीं सुचविलें कीं, एकाऐवजीं दोन मेणबत्त्या ठेवून पाहूं. पेला तोच, म्हणजे हवा तितकीच आणि प्राणवायुही तितकाच. तेव्हां माझें कारण खरें असेल तर पाणीही तितकेंच चढलें पाहिजे. दोन मेणबत्त्यांनीं पाणी अधिक चढलें. तीन ठेवल्या, त्याहूनही अधिक चढलें. चढलेल्या पाण्याची उंची बावीस वर्षांत मीं एकदांही पट्टीनें मोजली नव्हती. मोजण्याचें कारणच काय? उत्तर तर मला ठाऊक होतें.

खरें कारण आम्हीं मिळून शोधिलें, व मागाहून ग्रंथांशीं पडताळून पाहिलें. ज्योतीवर पेला येतो तेव्हां आंतील हवा तापून फुगलेली असते. तिच्यांतील कांहीं कांठाखालून बाहेरही निघून जाते, आणि नीट पाहिल्यास तिचे बुडबुडे दिसतात. ज्योत विझली कीं उरलेली हवा निवते व आकसते, ज्योतींतून निघालेली वाफही थिजून पाणी होते, आंतील दाब कमी पडतो, आणि बाहेरची हवा ताटलींतील पाणी आंत लोटते. मेणबत्त्या जास्त म्हणजे उष्णता जास्त, म्हणून पाणीही जास्त. प्राणवायु खर्च होतो हें खोटें नव्हे. पण तो सगळा संपण्याच्या पुष्कळ आधींच ज्योत विझते, आणि खर्च झालेल्या भागाच्या जागीं कर्बवायु निर्माण झालेला असतो. पाणी चढण्याचें मुख्य कारण उष्णता होय. एकपंचमांशाचा तो सुबक हिशेब या प्रयोगांतून सिद्ध होत नाहीं.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. चूक झाली याचें दुःख तर होतेंच. पण ती बावीस वर्षें टिकली कशी हा विचार अधिक छळीत होता. शेंकडों मुलांसमोर मीं तो प्रयोग केला होता, तरी त्यांतील एकानेंही तो प्रश्न विचारला नाहीं. कारण विचारण्यास मीं वेळच दिला नव्हता. पाणी चढण्यापूर्वींच कारण सांगून मीं त्यांचे डोळे बंद केले होते, आणि माझे तर त्याहूनही आधीं बंद झाले होते. ज्याला उत्तर ठाऊक असतें, तो पाहण्याचें सोडून देतो. हा दोष एकट्याला दिसत नाहीं. तो दाखवावयास शेजारीं असें कोणी लागतें, ज्याला तें उत्तर ठाऊक नाहीं व जें दिसतें तें बोलण्याची ज्याला मुभा आहे. मराठीच्या बाईंना विज्ञान माझ्याहून अधिक येतें असें नाहीं. गटाच्या नियमानें त्यांना मला थांबविण्याचा अधिकार दिला, एवढेंच.

याचा अर्थ असा नव्हे कीं, चार शिक्षक गोल करून बसले म्हणजे ज्ञान आपोआप प्रकट होतें. मीं असेही गट पाहिले आहेत कीं, ज्यांत एक जण बोलतो, एक लिहितो व बाकीचे खिडकीबाहेर पाहतात. म्हणून आरंभीं म्हटलेल्या अटी येथें नमूद करतों.

पहिली अट अशी कीं, गटांतील प्रत्येकाजवळ दुसऱ्याजवळ नसलेलें कांहीं काम असावें. तें नसेल तर थोरला बोलेल व धाकटा मान डोलावील.

दुसरी अट, बैठकीचा शेवट ठरावांत न होतां मुलांसमोरील पाठांत व्हावा. जपानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिक्षकांत एक परिपाठ रूढ होत गेला आहे. त्याला ते 'जुग्यो केन्क्यू', म्हणजे पाठाचा अभ्यास, असें म्हणतात. कांहीं शिक्षक मिळून एकच पाठ कसून तयार करतात. त्यांतील एक जण तो वर्गावर घेतो. बाकीचे मागें उभे राहून मुलें काय करतात तें टिपतात. नंतर सर्व जण बसून पाठ सुधारतात. स्टिग्लर व हीबर्ट या अमेरिकन अभ्यासकांच्या १९९९ च्या 'द टीचिंग गॅप' या ग्रंथामुळें ही रीत जगभर माहीत झाली. तींतील मर्म हें कीं, चर्चा पाठाची होते, पाठ घेणाऱ्याची नव्हे. आपल्या राज्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षक केंद्राच्या शिक्षण परिषदेस एकत्र जमतात; २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही प्रत्येक शिक्षकानें वर्षास निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक शिक्षणास द्यावे अशी अपेक्षा ठेविली आहे. तास भरणें सोपें आहे. त्या तासांनंतर वर्गांत काय बदललें, हा प्रश्न विचारला गेला तरच त्यांस अर्थ.

तिसरी अट पद्धतीविषयीं आहे. हर्बार्टची पंचपदी पुढें पुढें पाठाच्या टिपणांतील पांच मथळे होऊन बसली. मथळे भरले कीं पाठ झाला, अशी समजूत पसरली. या नव्या पंचपदीचीही तीच गत होणें अशक्य नाहीं. कविता ऐकवितांना किंवा पाढे घोकवितांना पांच पायऱ्यांचा अट्टाहास धरणें हें पंगतींत ताटाऐवजीं वाढप्याचें कौतुक करण्यासारखें आहे. शिवाय प्रत्येक धडा शोधानें शिकवावयास वर्षाचे दिवसही पुरणार नाहींत. कोणता धडा या रीतीस योग्य व कोणता नाहीं हें ठरविणें, हाच गटांतील चर्चेचा उत्तम विषय होय.

चौथी अट शाळेवर आहे, व ती मीं मुख्याध्यापकांच्या कानीं घातली आहे. ज्या मुलांच्या घरीं त्या दिवशीं कोणी नसतें, त्यांच्यासाठीं ग्रंथालय व क्रीडांगण उघडें असावें, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था व्हावी. बैठकीची तारीख सत्राच्या आरंभींच पालकांस कळवावी. आणि बैठकीनंतर 'आम्ही काय शिकलों व वर्गांत काय बदलणार' हें एका पानावर लिहून फलकावर लावावें. ज्यांचा दिवस आपण घेतला, त्यांस हिशेब देणें हें शाळेचें कर्तव्य आहे. फाटकापाशीं मला थांबविणाऱ्या त्या पालकांचा प्रश्न येथपर्यंत अगदीं खरा होता.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एकच सांगावयाचें आहे. यापुढें एखादे वेळीं तुमचे शिक्षक प्रश्न ऐकून 'थांब, आपण करून पाहूं' असें म्हणाले, तर त्यांना येत नाहीं असें समजून एकमेकांकडे पाहून हंसूं नका. तसें म्हणावयास आम्हांला वेळ लागला आहे. त्या शनिवारानंतर आठवीच्या वर्गांत मीं तो प्रयोग कारण न सांगतां केला. पाठास चाळीस मिनिटांऐवजीं दोन तासिका लागल्या, गलकाही झाला, आणि शेजारच्या वर्गानें तक्रार केली. परंतु मागच्या बांकावरील एका मुलीनें, 'पेला आधींच गरम पाण्यांत बुचकळून, मेणबत्तीवांचून पालथा घातला तर?' असें विचारलें. तसें करून पाहिलें, आणि ज्योतीवांचून पाणी थोडें का होईना चढलें. हा विस्तार आमच्या पंचवीस जणांपैकीं कोणालाही सुचला नव्हता.

पालकांपैकीं जे माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांस अखेरची एक विनंती. आपल्या ध्यानांत जर मेणबत्तीचा तो प्रयोग व त्याचें मीं सांगितलेलें कारण अजून राहिलें असेल, तर तें कृपा करून खोडून टाकावें. फार तर आज रात्रीं जेवणानंतर ताटली, पेला व मेणबत्ती घेऊन मुलांसह बसावें, आधीं एक व मग दोन मेणबत्त्या लावाव्या, आणि कारण सांगण्याची घाई कोणीं करूं नये. मीं माझ्या पाठटिपणाच्या वहींतील तें पान फाडलेलें नाहीं. त्यावर तांबड्या शाईनें रेघ मारून खालीं त्या शनिवाराची तारीख घातली आहे. पुढील अभ्यासबैठक दुसऱ्या सत्राच्या आरंभीं आहे. त्या वेळीं फाटकापाशीं कोणीं पुन्हां मला 'शिकलेल्यांना कसलें शिकणें?' असें विचारलें, तर मी तें पान दाखवीन.

— एक विज्ञान-शिक्षक